"आज पेपर कसा गेला?": अतिरेकी गट मेसेजिंग अ‍ॅपवरून पोरांना कसं ओढतात

उंबरठा

गेली सहा वर्षं मी एका ऑनलाइन गेमच्या चॅट ग्रुपवर मॉडरेटर आहे. पगार नाही, हौसेचं काम. चारेक हजार सदस्य, त्यातले निम्मे तरी शाळकरी. दोन महिन्यांपूर्वी त्यातला एक मुलगा ग्रुप सोडून गेला. त्यानं सांगितलेलं वय चौदा. गेमसाठी नकाशे काढायचा, आणि काय सुरेख काढायचा! नद्यांची वळणं, डोंगरांच्या सोंडा, सगळं हातानं. एका नदीखोऱ्याचा मोठा नकाशा अर्धवट टाकून तो निघून गेला. जाताना त्यानं जे लिहिलं ते वाचून मी हादरले. एका वंशाची माणसं संपवल्याशिवाय जगाचं काही खरं नाही, अशा अर्थाचं होतं ते.

मग मी मागे जाऊन त्याची सगळी संभाषणं वाचून काढली. आमच्या खुल्या चॅटमध्ये एक सदस्य त्याच्याशी सतत बोलायचा. मला वाटलं होतं, पानंच्या पानं द्वेष सापडेल. पहिल्या पाच आठवड्यांत तसलं अक्षरही नव्हतं. होतं ते असं: "आज पेपर होता ना, कसा गेला?" "काल रात्री दिसला नाहीस, बरा आहेस ना?" "हा नकाशा तू काढलास? इथल्या लोकांना तुझी किंमत नाही." सहाव्या आठवड्यात पहिला विनोद आला, एका समाजावरचा. कुणीतरी हरकत घेतली, तर "अरे, गंमत होती" म्हणून मोकळा. मुलगाही हसला. आठव्या आठवड्यात: "इथं कुणाला काही कळत नाही. चल, तुला खरं बोलणारी माणसं दाखवतो." आणि खाली एक लिंक. मी बघितली तोवर ती बंद झाली होती.

त्या विनोदाबद्दल मी तेव्हा ताकीद दिली होती आणि विषय मिटला असं धरून चालले होते. पेपर कसा गेला, हे मात्र मी त्याला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचते आहे. २०१४ मध्ये आयसिसचे समर्थक ट्विटरवर उघड वावरत होते. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात त्यांची किमान ४६ हजार खाती होती, असा जे. एम. बर्गर आणि जोनाथन मॉर्गन या संशोधकांचा अंदाज आहे. ट्विटरनं खाती बंद करायचा सपाटा लावला, तशी ही मंडळी टेलिग्रामकडे सरकली. सप्टेंबर २०१५ मध्ये टेलिग्रामनं चॅनेलची सोय आणली. नोव्हेंबरात पॅरिसचे हल्ले झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच कंपनीनं १२ भाषांमधली आयसिसची ७८ चॅनेल बंद केली. एवढ्या थोड्या काळात ती १२ भाषांत पोचली होती.

या अ‍ॅपची रचनाच त्यांच्या सोयीची आहे. चॅनेल म्हणजे लाउडस्पीकर: एकानं बोलायचं, कितीही जणांनी ऐकायचं. ग्रुप म्हणजे बैठक, टेलिग्रामवर ती २ लाख माणसांपर्यंत भरते. आणि ग्रुपमधल्या नावावर बोट ठेवलं की खासगी चॅट उघडतं. मैदान, बैठक आणि बंद खोली, तिन्ही एकाच छपराखाली. प्रचार चॅनेलवर चालतो. भरती मात्र तिथं होत नाही, चॅनेल फक्त चाळणीचं काम करतं. रोज कोण येतं, कोण प्रतिक्रिया देतं, रात्री दोनला कोण जागं असतं, हे बघून एकेकाला बाजूला घेतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपलं सगळं लक्ष व्हिडिओंवर आणि घोषणांवर असतं, आणि माणूस हातचा जातो तो त्या खासगी विचारपुशीत. तुमचं वाचन, अनुभव, मतं लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा.

सांजसावली

उंबरठा, तुमचं वाचून २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलेली एक हकिकत आठवली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या ग्रामीण भागात आजीआजोबांकडे राहणारी २३ वर्षांची तरुणी, चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची. आयसिसनं पत्रकार जेम्स फोलीची हत्या केली, त्या बातमीनं ती अस्वस्थ झाली. असं कृत्य माणसं योग्य कशी ठरवतात, हे विचारायला ती ट्विटरवर त्यांच्या समर्थकांकडे गेली.

तिला वाटलं, शिव्या मिळतील. मिळाली ती आपुलकी. तासन्‌तास तिच्याशी बोलणारी माणसं मिळाली. मग स्काइप, मग पार्सलं: पुस्तकं, डोक्याला बांधायचे रुमाल, चॉकलेटं. तिनं धर्म बदलला, पण जवळच्या मशिदीत जा असं तिला कुणी सांगितलं नाही, उलट हे गुपित ठेव म्हणाले. माझ्या मते सगळ्यात बोलका तपशील हाच आहे. मशिदीत तिला धर्म जाणणारी, प्रत्यक्ष जगणारी माणसं भेटली असती आणि या लोकांचा डाव उघडा पडला असता. शेवटी आजीनं तिच्याशी बोलणाऱ्यांतल्या एका माणसाला स्काइपवर गाठून जाब विचारला. त्यानं पुन्हा बोलणार नाही म्हणून कबूलही केलं. तरी संपर्क तुटला नाही.

ती मूर्ख नव्हती. त्या दिवसांत तिच्याशी इतका वेळ बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

वादळवारा

वाचून वाईट वाटलं, पण उपाय सरळ आहे. हे सगळं एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे मेसेज कुलूपबंद करण्याच्या तंत्रामुळे फोफावतं. कंपन्यांना आणि सरकारांना आतलं काही दिसतच नाही. सगळ्या मेसेजिंग अ‍ॅपमधलं एन्क्रिप्शन कायद्यानं काढून टाकावं. ज्याला लपवायचं काही नाही त्याला कसली भीती?

तारायंत्र

वादळवारा, या एका समजुतीमुळे चर्चा दर वेळी भलतीकडे जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं रोजचं काम याच क्षेत्रातलं आहे.

टेलिग्रामची चॅनेल आणि ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता येणार नाहीत असे, नसतातच. साधं दोघांमधलं चॅटसुद्धा नसतं. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावं लागतं आणि ते दोघांपुरतंच असतं. बाकी सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. म्हणजे जिथं प्रचार चालतो ती जागा कंपनीला दिसू शकते. प्रश्न बघण्याच्या इच्छेचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली, तेव्हा आरोप हाच होता की अ‍ॅपवर चालणाऱ्या गुन्ह्यांना आवर घातला नाही आणि तपास यंत्रणांना दाद दिली नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीनं धोरण बदललं. वैध कायदेशीर आदेश आला तर नियम मोडणाऱ्याचा फोन नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस देऊ, असं जाहीर केलं. त्यासाठी कुणाचंही एन्क्रिप्शन तोडावं लागलं नाही.

आता दुसरी बाजू. व्हॉट्सअ‍ॅप २०१६ पासून पूर्ण एन्क्रिप्टेड आहे. तरी तिथं प्रसाराला लगाम घालता आला. २०१९ च्या सुरुवातीला जगभर एक मेसेज एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला, असा नियम झाला. कंपनीच्या सांगण्यानुसार अशा मेसेजचं फिरणं ७० टक्क्यांनी घटलं. मजकुराचा एक शब्दही न वाचता. प्रसार रोखायला पाकीट फोडावं लागत नाही, गाडीचा वेग कमी केला तरी पुष्कळ होतं.

आणि लपवायचं काही नाही म्हणाल, तर नवऱ्याच्या मारहाणीतून सुटू पाहणारी बाई, पत्रकाराला माहिती देणारा कर्मचारी, या अतिरेकी गटातून बाहेर पडू बघणारा पोरगा, यांना सुरक्षित बोलायला जागा लागते. ती काढून घेतली तर पहिला फटका त्यांना.

वादळवारा

टेलिग्रामचं खरंच माहीत नव्हतं. माझा समज चुकीचा होता, मान्य. पण उंबरठांचा मुद्दा धरला तर खरी भरती खासगी खोलीत होते, आणि ती खोली बंदच राहणार. मग चॅनेल पाडून काय साधलं? एक पाडलं की दुसऱ्या दिवशी दोन उभी.

रानपाखरू

मलाही हाच प्रश्न पडलाय. हे झुरळांसारखं नाही का, इथून हाकलली की तिथं?

तारायंत्र

हलतात, पण दर हलवणीत गळतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपोल (युरोपीय संघाची पोलिस यंत्रणा) आणि टेलिग्राम यांनी मिळून आयसिसच्या चॅनेलवर आणि खात्यांवर मोठी कारवाई केली. त्याआधी तुरळक चॅनेल बंद पडायची. या वेळी चॅनेलबरोबर ती चालवणारी खातीही गेली. समर्थक टॅमटॅम, हूप अशा छोट्या अ‍ॅपवर पांगले. तिथूनही हुसकले गेले. पूर्वीची एकत्र बैठक पुन्हा तशी जमली नाही.

उंबरठांच्या भाषेत सांगायचं तर मैदान लहान झालं की चाळणीत पडणारी माणसंच कमी होतात. जे कट्टर आहेत ते नव्या जागी शोधत येतात. जो पोरगा कुतूहलानं डोकावणार होता, तो येत नाही. खोली बंद आहे हे खरं, पण खोलीपर्यंत नेणारी वाट उघड्यावरून जाते.

तोटाही सांगतो. जे उरतात ते जास्त कडवे असतात आणि जास्त सावध. शिवाय चॅनेल पाडलं की पुरावेही जातात, संशोधकांची आणि तपास करणाऱ्यांची अडचण होते. युरोपीय संघात जून २०२२ पासून, आदेश आल्यावर एका तासात दहशतवादी मजकूर काढायचा नियम आहे. मोठ्या कंपनीला जमतं. चार माणसांच्या कंपनीनं रात्री तीनला आलेला आदेश कसा बघायचा, हा प्रश्न आहेच.

नवखा_वाचक

थोडं बाजूचं विचारतो. क्राइस्टचर्चच्या हल्ल्याचा व्हिडिओ मला एका ग्रुपवर आला होता. "बघा किती क्रूर" असं म्हणून लोक पुढे पाठवत होते. निषेध म्हणून पाठवण्यात चूक आहे का?

सांजसावली

आहे. आणि रागावून सांगत नाही, कळकळीनं सांगते.

१५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये त्या माणसानं दोन मशिदींत ५१ जणांचा जीव घेतला आणि फेसबुकवर १७ मिनिटं थेट दाखवलं. ते थेट बघणारे २०० पेक्षाही कमी होते. पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यातल्या १२ लाख चढवतानाच अडवल्या, पण चढवायचा प्रयत्न तर झालाच ना! ही माणसं काही सगळी त्या गटातली नव्हती. उत्सुकता, धक्का, निषेध, कारण काही असो, काम हल्लेखोराचंच झालं. मे २०२२ मध्ये अमेरिकेत बफेलो इथं एका सुपरमार्केटमध्ये १० कृष्णवर्णीयांना मारणाऱ्यानं लिहून ठेवलं होतं की त्याची सुरुवात क्राइस्टचर्चच्या व्हिडिओच्या तुकड्यापासून झाली. त्यानं डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर स्वतःपुरती नोंदवही ठेवली होती आणि हल्ल्याच्या अर्धाएक तास आधी इतरांना तिथं बोलावलं. त्यांच्यातल्या कुणीही वेळेत कुणाला कळवलं नाही.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं होतं की त्या हल्लेखोराचं नाव मी कधीच घेणार नाही. मीही घेत नाही.

नवखा_वाचक

काढून टाकला. ज्यानं पाठवला होता त्यालाही लिहिलं.

वादळवारा

एक शंका. उंबरठांचा तो मुलगा चौदा वर्षांचा. अशा गटांना इतक्या लहान पोरांचा उपयोग काय? हे वयच बंडखोरीचं असतं, ओसरेल की.

सांजसावली

'फॉयरक्रीग डिव्हिजन' नावाचा एक नव-नाझी गट होता, अनेक देशांत सदस्य असलेला. त्याचा म्होरक्या स्वतःला 'कमांडर' म्हणवायचा, नवी माणसं भरती करायचा. २०२० मध्ये उघड झालं की तो एस्टोनियातला १३ वर्षांचा मुलगा आहे. ऑनलाइन कुणाला आवाज फुटलाय की नाही हे कुणी बघत नाही. त्याच्या शब्दांवर मोठी माणसं चालत होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, समलिंगी लोकांच्या एका बारबाहेर दोघांना मारणारा १९ वर्षांचा होता. तो 'टेररग्रॅम' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या टेलिग्रामवरच्या जाळ्यात वाढला. तिथं हल्लेखोरांना 'संत' म्हणतात, त्यांच्या तसबिरी करतात. एकटं पडलेलं पोर, आणि त्याला सांगायचं की एक कृत्य कर, तुझीही तसबीर लागेल. ब्रिटननं एप्रिल २०२४ मध्ये या गटावर बंदी घातली, अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये त्याला दहशतवादी ठरवलं. ओसरेल म्हणून वाट बघण्यासारखं हे नाही.

पायवाट

चार दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो. मी अशा एका गटात पावणेदोन वर्षं होतो. कुठला, कसला, ते सांगणार नाही. आता बाहेर येऊन बरीच वर्षं झालीत.

एकोणीस वर्षांचा होतो, परीक्षेत दोनदा नापास, रात्रभर जागा. आधी एक चॅनेल. मग साठेक जणांचा ग्रुप. मग एक दिवस आवाजी मुलाखत झाली. काय वाचलंस, कुणाचा राग येतो, घरी कोण कोण आहे, फोन कोण बघतं. त्यातून अकरा जणांच्या ग्रुपमध्ये घेतलं. त्या रात्रीचा आनंद अजून आठवतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाततरी पास झालो होतो.

रोज रात्री अकराला हजेरी. नाही दिली तर कुणीतरी विचारणारच. कामं किरकोळ: स्टिकर बनव, मजकूर भाषांतर कर, पर्यायी चॅनेल तयार ठेव. चॅनेल बंद पडलं की तासाभरात नवं उभं करणं माझ्याकडे होतं. बंद पडल्याचं दुःख व्हायचं नाही, मान वाटायचा. किती वेळा बंद पडलो याची आम्ही मोजदाद ठेवायचो. पण तारायंत्र म्हणतात ते खरं आहे, दर वेळी माणसं कमी परतायची, आणि आम्ही ते एकमेकांना सांगत नव्हतो.

विचारसरणी? ती नंतर आली. जी माणसं मला रोज विचारत होती त्यांचं बोलणं खरं असावं, असं वाटायला लागलं, एवढंच. मग मीच नव्या पोरांना "पेपर कसा गेला" विचारायला लागलो. उंबरठाताई, तुमची ती ओळ वाचून मी फोन खाली ठेवला. ते वाक्य मी पाठवलेलं आहे. आम्हाला शिकवलेलं होतं: पहिला महिना फक्त ऐकायचं.

बाहेर कसा पडलो? शाळेतला एक मित्र दर रविवारी एक मेसेज करायचा. वाद कधीच घातला नाही. सायकलची चेन तुटली, मांजरीला पिल्लं झाली, असलं काहीबाही. आठ महिने मी उत्तर दिलं नाही. मग एका रात्री आमच्या अकरांतला एक जण जीव देण्याची भाषा बोलायला लागला. मला वाटलं सगळे थांबवतील. त्यांनी त्याला चढवलं. "मरायचंच तर काहीतरी करून मर." मी स्क्रीनकडे बघत बसलो. त्याचं खरं नाव, गाव, काही माहीत नव्हतं, कुणाला कळवणार? पहाटे चारला मी त्या रविवारवाल्या मित्राला फोन केला. त्यानं उचलला.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

अबोली

पायवाट, लिहिलंत हे फार मोठं केलंत.

माझा मुलगा पंधराचा आहे. हल्ली दार लावून बसतो, रात्री उशिरापर्यंत फोनवर असतो. दोनदा त्याच्या तोंडून असे शब्द ऐकले की मला धस्स झालं. फोन काढून घ्यावा असं नवऱ्याचं म्हणणं. काय करू?

पायवाट

ताई, फोन एकदम काढून घेऊ नका. आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं असायचं: "एक दिवस घरचे तुझा फोन हिसकावतील, तेव्हा तुला कळेल शत्रू कोण." फोन गेला की त्यांचं भाकीत खरं ठरतं.

त्या शब्दांवर भाषण देऊ नका. "हा शब्द कुठं ऐकलास, मला समजव" असं विचारा आणि त्यानं समजवताना मध्ये तोडू नका. माझ्या आईनं असं विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, आणि ते मलाच जाणवलं असतं.

उंबरठा

अबोली, दार लावणं आणि जागरण या वयात बहुतेक पोरं करतात, तेवढ्यावरून घाबरू नका. मला मागे वळून बघताना जे खटकलं ते वेगळं होतं. जुने मित्र एकेक करून 'बावळट' ठरत गेले. विनोदाला हसलं नाही तर चिडायचा. आणि नकाशे काढणं थांबलं. आवडीची गोष्ट सुटणं मी सगळ्यात उशिरा लक्षात घेतलं, खरं तर तेच आधी दिसलं होतं.

हिंसेचा बेत, शस्त्राचा किंवा ठरावीक तारखेचा उल्लेख, स्वतःला इजा करण्याची भाषा, यातलं काही दिसलं तर मात्र समजावत बसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा, जीव देण्याची भाषा असेल तर डॉक्टरलाही गाठा. त्या मधल्या माणसाशी स्वतः बोलायला जाऊ नका, तो सावध होतो आणि मुलाला घेऊन आणखी आत जातो. मी त्या सदस्याला रागाच्या भरात आधी हाकलला आणि मग त्याचं बोलणं जपून ठेवायला गेले. त्याची निम्मी पोस्ट त्याच्या खात्याबरोबर पुसली गेली होती. उरलेलं मी अ‍ॅपच्या कंपनीला आणि पोलिसांना दिलंय.

आमच्या ग्रुपवर आता एक बदल केलाय. नव्या सदस्याला पहिले काही आठवडे कुणालाही खासगी मेसेज किंवा बाहेरची लिंक पाठवता येत नाही. आणि आम्ही सात मॉडरेटरांनी पोरं वाटून घेतली आहेत, नुसती विचारपूस करायला.

अबोली

आज विचारलं त्याला, कुठं ऐकलास म्हणून. आधी "काही नाही" म्हणाला. मग अर्ध्या तासानं स्वतः येऊन बसला. अजून बोलतोय.

पायवाट

ऐकत राहा, ताई. उंबरठाताई, तुमच्या त्या मुलाचा संपर्क आहे का अजून?

उंबरठा

खातं चालू आहे त्याचं, ग्रुप फक्त सोडलाय. पोलिसांना आधी विचारून घेतलं, मग तुमच्या मित्राचं ऐकून काल एक मेसेज टाकला. दुसरं काही नाही. नदीखोऱ्याचा नकाशा पुलापाशी येऊन थांबलाय, पुढे नदी कुठं वळते ते तुला माहीत, म्हटलं.

वाचलाय त्यानं. उत्तर नाही. पुढच्या रविवारी पुन्हा लिहीन.